केबिन क्रूची मुलाखत: अर्जापासून मेडिकलपर्यंत नेमकं काय तपासलं जातं

प्रश्न थोडक्यात असा: केबिन क्रूच्या भरतीत कोणते टप्पे असतात, प्रत्येक टप्प्यावर उमेदवार कशामुळे बाद होतात, आणि विमान कंपनीत कधी काम केलेलं नसेल तर तयारी कुठून सुरू करायची? कंपनीनुसार क्रम बदलतो, एखादी चाचणी गळते किंवा वाढते, पण सांगाडा जगभर जवळपास सारखाच असतो. उत्तर लांब आहे, कारण या प्रक्रियेबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते.

आधी हे काम कायद्याने कशासाठी ठेवलेलं आहे ते पाहू, म्हणजे पुढच्या सगळ्या चाचण्यांचा अर्थ लागेल. बहुतेक देशांच्या नियमांत साधारणपणे दर 50 सीटमागे एक केबिन क्रू सक्तीचा आहे. 44 पेक्षा जास्त सीटच्या विमानाला मान्यता मिळण्यासाठी ते भरलेलं असताना, निम्मेच दरवाजे वापरून, 90 सेकंदांत रिकामं करता येतं हे सिद्ध करावं लागतं. जेवण वाढणं, ब्लँकेट देणं हे कंपनीने त्याच माणसांकडून करून घेतलेलं काम आहे. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 प्रवासी विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. घोषणेची यंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दरवाजे वापरण्याजोगे होते, तरी आतले सगळे 379 जण बाहेर आले. क्रूने मेगाफोन वापरून आणि ओरडून लोकांना हलवलं, कोणत्या दारापाशी आग आहे ते बघून कोणतं दार उघडायचं नाही हेही ठरवलं.

निवड करणाऱ्याच्या डोक्यात म्हणून दिवसभर एकच प्रश्न चालू असतो: या माणसाच्या हाती एक दार देता येईल का? त्याला जोडून दुसरा, थोडा घरगुती प्रश्न: याच्यासोबत दहा तास एका चिंचोळ्या गॅलीत (विमानातल्या स्वयंपाकघरात) काम करायला बाकीचे तयार होतील का? दिसणं, हसणं, इंग्रजी, कपडे हे सगळं या दोन प्रश्नांच्या खाली येतं.

अर्ज करण्याआधी

पात्रतेच्या अटी कंपनीच्या भरतीच्या पानावर लिहिलेल्या असतात, आणि त्या न वाचता अर्ज करणारे बरेच असतात. वय: युरोपीय नियमांनुसार किमान 18, पण एमिरेट्ससारख्या कंपन्या 21 मागतात. उंचीपेक्षा हात किती वर पोहोचतो याला आता जास्त महत्त्व आहे, कारण आपत्कालीन साहित्य सीटच्या वरच्या कप्प्यांत असतं. एमिरेट्सची अट किमान 160 सेंटिमीटर उंची आणि टाचा उचलून 212 सेंटिमीटरपर्यंत हात पोहोचणं अशी आहे. काही कंपन्यांची मर्यादा यापेक्षा कमी असते, त्यामुळे एका ठिकाणी न बसणारा उमेदवार दुसरीकडे सहज बसतो.

ही चाचणी घरी करून बघा. भिंतीवर जमिनीपासून मोजून 212 सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावा. बूट काढा, टाचा उचला, खांदा कानाकडे उचलून हात वर ताणा. नुसता हात सरळ केला आणि खांदा खाली राहिला तर दोन-तीन सेंटिमीटर फुकट जातात. मणका दिवसभरात दबतो आणि संध्याकाळपर्यंत उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी होते, म्हणून काठावर असाल तर संध्याकाळी मोजा. तेव्हा पोहोचलात तर चाचणीच्या दिवशी नक्की पोहोचाल. उडी मारून किंवा बोटाचं टोक कसंबसं लावून ‘झालं’ म्हणणं चालत नाही, बोटं तिथे क्षणभर टेकून राहावी लागतात.

गणवेशात दिसणारे टॅटू बऱ्याच कंपन्यांना चालत नाहीत, आणि मेकअपने झाकलेला टॅटूही काहींना मान्य नसतो. दिसणारा टॅटू असेल आणि अट स्पष्ट नसेल तर आधीच विचारून घ्या. शेवटच्या फेरीत तो उघड झाला तर टॅटूपेक्षा लपवल्याचं वाईट दिसतं. पोहण्याची अट सगळीकडे नसते. जिथे असते तिथे ठरावीक अंतर मदतीशिवाय पोहून दाखवावं लागतं आणि ते दोन आठवड्यांत शिकता येत नाही. पासपोर्टची मुदत, नाव आणि जन्मतारीख शाळेच्या कागदांशी जुळते का, हे आजच तपासा. एका अक्षराच्या फरकाने ऑफर मिळाल्यावर महिने वाया जातात.

सीव्ही एका पानाचा. शाळेतल्या स्पर्धा, छंदांची यादी, लांबलचक ‘ध्येय’ हे काढून टाका. लोकांशी थेट संबंध आलेलं प्रत्येक काम वर घ्या: दुकान, हॉटेल, रुग्णालय, कॉल सेंटर, शिकवण्या, स्वयंसेवा. ‘ग्राहकसेवा केली’ या ओळीतून काही कळत नाही. ‘रिसेप्शनवर रात्रपाळीत एकट्याने दिवसाला सुमारे 60 पाहुण्यांची नोंद, तक्रारी आणि पैशांचा हिशेब’ या ओळीतून पाळी, जबाबदारी, वेग आणि विश्वास एकदम कळतात. आकडे खरे हवेत, कारण मुलाखतीत नेमके तेच विचारले जातात. तारखांमध्ये महिना आणि वर्ष दोन्ही लिहा. विमानतळाच्या सुरक्षित भागाचा पास मिळण्याआधी पार्श्वभूमी तपासली जाते. युरोपात किमान मागच्या पाच वर्षांचं शिक्षण, नोकरी आणि मधली रिकामी जागा पाहतात, तर अमेरिकेत बोटांच्या ठशांवरून दहा वर्षांची गुन्हेविषयक तपासणी होते. सहा महिने घरी असाल तर तसंच लिहा. रिकामी जागा अडचणीची नसते, ती बुजवण्यासाठी ओढलेल्या तारखा अडचणीच्या ठरतात.

फोटो मागितले तर दोन लागतात: चेहऱ्याचा आणि पूर्ण उंचीचा. साधी भिंत, समोरून उजेड, औपचारिक कपडे, फिल्टर नाही. लग्नातला फोटो कापून पाठवलेला लगेच ओळखू येतो.

ऑनलाइन चाचण्या आणि रेकॉर्ड केलेली मुलाखत

अर्जानंतर साधारणपणे इंग्रजी, साधं अंकगणित, स्वभावचाचणी आणि ‘या प्रसंगात काय कराल’ छापाचे प्रश्न येतात. अंकगणितात टक्केवारी, वेळेचा फरक, चलनाची अदलाबदल एवढंच असतं, कारण विमानात विक्रीचा हिशेब आणि वेगवेगळ्या वेळा सांभाळाव्या लागतात. स्वभावचाचणीत एकच गोष्ट शब्द बदलून तीन-चारदा विचारलेली असते. आदर्श माणूस बनायला गेलात की उत्तरं आपसात भांडतात. ‘मी कधीच चिडत नाही’ याला पूर्ण सहमती आणि ‘अन्याय दिसला की मला राग येतो’ यालाही पूर्ण सहमती, असं झालं की अहवालात विसंगतीची खूण पडते.

प्रसंगाच्या प्रश्नांत क्रम लक्षात ठेवा: सुरक्षा, मग कंपनीची ठरलेली पद्धत, मग प्रवाशाची सोय, मग वेळ. दोन पर्याय चांगले वाटले तर ज्यात सहकाऱ्याला किंवा पर्सरला (केबिन क्रूच्या प्रमुखाला) कळवलेलं आहे तो बहुतेकदा वरचढ असतो. एकट्याने शूर होण्याचा पर्याय मुद्दाम पेरलेला असतो.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ मुलाखतीत समोर माणूस नसतो. पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला साधारण अर्धा मिनिट आणि बोलायला एक ते तीन मिनिटं मिळतात. पुन्हा रेकॉर्ड करायची सोय असतेच असं नाही, म्हणून सुरुवातीचा सरावाचा प्रश्न मनापासून वापरा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, लॅपटॉपखाली चार पुस्तकं ठेवली की काम होतं. उजेड समोरून हवा. पाठीमागे खिडकी असेल तर चेहरा काळा पडतो. बघायचं लेन्सकडे, पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही. भिंतीवर चिकटवलेला कागद वाचताना डोळ्यांची हालचाल उघड दिसते, म्हणून वाक्यं लिहू नका, तीन शब्द लिहा. तीन मिनिटं दिली म्हणून तीन भरायची गरज नाही. दीड मिनिटात मुद्दा संपला तर हसून थांबा.

असेसमेंट डे: दिवसभर चाललेली एकच चाचणी

हा दिवस फिल्टरसारखा चालतो. सकाळी मोठा गट असतो, प्रत्येक टप्प्यानंतर नावं किंवा क्रमांक वाचले जातात आणि बाकीच्यांना घरी पाठवतात. शेवटच्या मुलाखतीपर्यंत थोडेच उरतात. साधा क्रम असा: नोंदणी आणि कागदपत्रं, कंपनीची माहिती, उंची किंवा हाताची चाचणी, एखादा छोटा जोडीचा सराव, गटकार्य, इंग्रजीची परीक्षा किंवा घोषणावाचन, कधी रोल-प्ले (दिलेला प्रसंग वठवून दाखवणं), आणि अंतिम मुलाखत. ती त्याच दिवशी किंवा पुढच्या दिवशी होते.

निरीक्षण नोंदणीच्या टेबलापासून सुरू होतं. रांगेत फोनमध्ये मान घातलेली, शेजारी बसलेल्याशी एक शब्द न बोललेली व्यक्ती गटकार्यात अचानक उत्साही झाली, तर तो बदल बघणाऱ्याला दिसतो. मुद्दाम गप्पा मारत फिरायचं कारण नाही. शेजारच्याचं नाव विचारा आणि लक्षात ठेवा. तास-दीड तासाने गटात त्याला नावाने हाक मारलीत तर त्याची नोंद होते. कंपनीच्या माहितीपटाच्या वेळी कुजबुजणं, विश्रांतीच्या वेळी दुसऱ्या उमेदवाराच्या कपड्यांवर टीका, स्वच्छतागृहात आधीच्या कंपनीची निंदा, हे सगळं ऐकू जातं.

जोडीचा सराव साधा दिसतो. एखादी वस्तू किंवा शब्द देऊन ‘याचे पाच उपयोग सांगा’ किंवा ‘शेजाऱ्याची ओळख करून द्या’ म्हणतात. यात कल्पकतेला फारसे गुण नसतात. ऐकलं किती, ते बिनचूक सांगितलं का, जोडीदाराला बोलू दिलं का, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला का, एवढंच टिपलं जातं. ओळख करून देताना ‘हिला प्रवासाची आवड आहे’ यापेक्षा ‘ही तीन वर्षं बालवाडीत शिकवते आणि रडणारं मूल शांत करायला आधी त्याच्या उंचीवर बसते’ हे जास्त चांगलं, कारण तुम्ही दुसरा प्रश्नही विचारलात हे त्यातून कळतं.

सगळ्यात जास्त गळती गटकार्यात होते, म्हणून यावर जरा थांबतो. समजा असा कागद हाती आला: उड्डाण रद्द झालं आहे, हॉटेलात 4 खोल्या आहेत, प्रवासी 8 आहेत आणि वेळ 15 मिनिटं. तान्हं बाळ असलेली आई, व्हीलचेअरवरचे आजोबा आणि त्यांची नात, सकाळी महत्त्वाची बैठक असलेला बिझनेस क्लासचा नेहमीचा प्रवासी, नवविवाहित जोडपं, एकटी प्रवास करणारी 15 वर्षांची मुलगी, आणि एक पत्रकार. तुम्ही सात उमेदवार आहात.

याला बरोबर उत्तर नाही, पण चुकीच्या पद्धती भरपूर आहेत. पहिली: कोणीतरी लगेच ‘आईला पहिली खोली’ म्हणतो, बाकीचे माना डोलावतात, आणि चौथ्या खोलीशी आल्यावर भांडण होतं कारण निकषच ठरलेला नाही. दुसरी: पत्रकाराला खोली द्या, नाहीतर बातमी येईल. भीतीने घेतलेला निर्णय लगेच ओळखू येतो. तिसरी: मुलीला त्या आईच्या खोलीत टाकू. इथे चांगला उमेदवार थांबतो आणि म्हणतो, ‘दोघींना विचारावं लागेल, आणि अल्पवयीन मुलीची जबाबदारी कंपनीच्या कोणा कर्मचाऱ्यावर आहे ते आधी बघू.’ हे एक वाक्य त्या पंधरा मिनिटांतल्या सगळ्या हुशारीपेक्षा मोलाचं ठरू शकतं, कारण त्यात सुरक्षा, संमती आणि ठरलेली पद्धत तिन्ही आहेत.

वेळेची विभागणी साधारण अशी ठेवा: दोन मिनिटं निकष, आठ मिनिटं वाटप, तीन मिनिटं ज्यांना खोली मिळाली नाही त्यांचं काय, आणि शेवटची दोन कोण काय सांगणार यासाठी. तिसरा भाग जवळपास प्रत्येक गट विसरतो. खोली न मिळालेल्यांना लाउंज, जेवण, पुढच्या विमानात आधी जागा, घरी फोन करायची सोय, यातलं काहीतरी सुचवणारा उमेदवार कागदाच्या पलीकडच्या माणसांचा विचार करतो हे दिसतं.

नेतृत्व दाखवा, हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि त्यामुळेच गटात तीन-चार जण नेते होतात. घड्याळ मीच बघतो, मीच लिहितो, मीच सादर करतो असं म्हणणारा माणूस बाद होण्याच्या यादीत आघाडीवर असतो. गप्प बसलेलाही त्याच यादीत असतो. दोन्हींच्या मधली जागा शोधा. पंधरा मिनिटांत चार-पाच वेळा बोललात, त्यातलं निदान एक वाक्य दुसऱ्याची कल्पना पुढे नेणारं आणि एक गप्प असलेल्याला आत घेणारं असलं की पुरे. ‘तुम्ही मघाशी आजोबांबद्दल काही सांगत होतात, ते पूर्ण करा ना,’ असं म्हणायला चार सेकंद लागतात. मात्र एकाच माणसाला तीनदा ‘तुझं काय मत’ विचारणं नाटकी दिसतं. मतभेद झाला तर आवाज न वाढवता कारण सांगा, गट वेगळा गेला तर त्या निर्णयाच्या बाजूने मनापासून काम करा. सादरीकरणात ‘माझं मत वेगळं होतं, पण…’ असं म्हणून गटाला तोंडघशी पाडणारे उमेदवार दर भरतीत दिसतात.

निरीक्षक पाठीमागे उभा राहून काही लिहू लागला की लोक त्याच्याकडे बघून बोलायला लागतात. बघू नका. तुमचा गट तुमच्या समोर आहे.

घोषणावाचनात मिनिटाला 120 ते 140 शब्दांचा वेग ठेवा. घाबरल्यावर तो आपोआप 170 च्या पुढे जातो. कागद हातात आला की आधी आकडे, वेळा आणि शहरांची नावं शोधा, अडखळायला तिथेच होतं. उच्चार परदेशी करायचा प्रयत्न करू नका. आपल्या ढंगाचं पण स्पष्ट इंग्रजी चालतं, उसनं इंग्रजी दोन वाक्यांत घसरतं.

रोल-प्ले

मूल्यमापन करणारा प्रवासी होतो. त्याला सीट बदलून हवी आहे, हवं ते जेवण संपलं आहे, शेजारचा दारू पिऊन त्रास देतो आहे, किंवा आपत्कालीन दाराशेजारी बसून पायाशी बॅग ठेवली आहे. पहिल्या दोन प्रकारांत क्रम असा: पूर्ण ऐका, त्याची अडचण त्याच्याच शब्दांत एका वाक्यात परत सांगा, काय शक्य नाही ते स्पष्ट सांगा, काय शक्य आहे ते दोन पर्यायांत द्या, आणि किती वेळात परत याल ते सांगून खरंच परत या. ‘बघते’ म्हणून निघून जाणं ही नेहमीची चूक आहे.

चौथ्या प्रकारात पर्याय द्यायचेच नसतात. उड्डाणाच्या वेळी आपत्कालीन दाराची वाट मोकळी हवी, यावर वाटाघाट नाही. विनंती, मग कारण, मग ठाम सूचना, आणि तरीही नकार दिला तर पर्सरला आणि त्यांच्यामार्फत कॅप्टनला कळवणं. इथे गोड बोलत बसणारा उमेदवार नापास होतो, आणि जेवणाच्या प्रसंगात नियम सांगत बसणारा तिथे नापास होतो. कोणता प्रसंग कोणत्या जातीचा आहे हे ओळखणं हीच खरी परीक्षा आहे. मद्यपीच्या बाबतीत: वाद नाही, हात लावणं नाही, आणखी मद्य नाही, सहकाऱ्यांना लगेच खबर, आणि शेजारच्या प्रवाशाला शक्य असेल तर दुसरी जागा.

अंतिम मुलाखत

समोर एक किंवा दोन माणसं, अर्धा ते पाऊण तास, आणि बहुतेक प्रश्न ‘असा एक प्रसंग सांगा, जेव्हा…’ असे सुरू होणारे. उत्तराचा साचा चार भागांचा: प्रसंग, तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती, परिणाम. प्रसंग आणि जबाबदारी वीस-पंचवीस सेकंदांत उरका, निम्म्याहून जास्त वेळ कृतीला द्या. बहुतेकजण उलटं करतात: दोन मिनिटं पार्श्वभूमी आणि शेवटी ‘मग मी ते सोडवलं’.

फरक बघा. ‘एक ग्राहक फार चिडला होता, मी शांत राहून त्याला समजावलं आणि तो खूश झाला.’ यात गुण देण्यासारखं काहीच नाही. आता हे: ‘कपड्यांच्या दुकानात काउंटरवर होते. एक बाई बिलाशिवाय पैसे परत मागत होत्या आणि मागे सहाजणांची रांग होती. मी सहकाऱ्याला काउंटर दिला, त्यांना बाजूला घेतलं आणि मध्ये न बोलता ऐकलं. बिलाशिवाय रोख परत देता येत नाही हे सरळ सांगितलं. मग विचारलं, कार्डाने पैसे दिले होते का. तारीख आणि कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून व्यवहार सापडला. व्यवस्थापकाच्या मंजुरीने पैसे कार्डावर परत केले. नंतर बिलाशिवायच्या तक्रारींसाठी तीच पद्धत आम्ही काउंटरवर लिहून ठेवली.’ इथे रांगेचं भान, नकार द्यायची तयारी, पर्याय, वरिष्ठाची मंजुरी आणि पुढची सुधारणा, पाचही गोष्टी दिसतात. ‘आम्ही’ कमी, ‘मी’ जास्त. गटाचं श्रेय घ्यायचं नाही, पण तुमचा वाटा वेगळा दिसायला हवा.

तयारी म्हणून आठ खरे प्रसंग निवडा: चिडलेला माणूस, सहकाऱ्याशी मतभेद, स्वतःची चूक, नियम पाळल्यामुळे कोणी नाराज झालं, अपेक्षेपेक्षा जास्त केलेलं काम, अचानक बदल, वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाशी काम, आणि दबावात घेतलेला निर्णय. एक प्रसंग दोन-तीन प्रश्नांना पुरतो. प्रत्येकासाठी पाच शब्द लिहा आणि मोठ्याने बोलून सराव करा. पाठ केलेली उत्तरं पहिल्या उपप्रश्नाला कोसळतात: ‘तेव्हा सहकारी काय म्हणाला?’, ‘पुन्हा तसंच झालं तर काय वेगळं कराल?’ बनावट प्रसंगाला तपशील नसतात, ते इथेच उघडं पडतं.

स्वतःच्या चुकीबद्दलच्या प्रश्नाला ‘मी फार मेहनती आहे हीच माझी चूक’ असं उत्तर आलं की समोरचा पेन खाली ठेवतो. खरी, मध्यम आकाराची चूक सांगा: चुकीची वेळ कळवली, वस्तू दुसऱ्या पाहुण्याला दिली. कधी लक्षात आलं, कोणाला कळवलं, नुकसान कसं भरलं. विमानात चूक लपवणं जीवघेणं ठरू शकतं, म्हणून तुम्ही चूक झाली की बोलता का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं. दार उघडताना स्लाइड (दाराला जोडलेली आपत्कालीन घसरगुंडी) चुकून फुगली, तर सांगणारा माणूस हवा.

‘केबिन क्रूच का?’ याला ‘जग बघायचं आहे’ हे उत्तर खोटं नसतं, पण ते तुमच्या फायद्याचं आहे. कामाच्या अवघड बाजूपासून सुरुवात करा: पहाटे तीनला उठणं, स्टँडबाय (बोलावलं की लगेच निघायच्या तयारीत थांबणं), सणाला घरी नसणं, कोरडी हवा, पायावर उभं राहणं, बेसच्या शहरात (जिथून तुमची ड्युटी सुरू होते तिथे) अनोळखी माणसांसोबत घर वाटून घेणं. हे माहीत असून का हवं आहे ते तुमच्या आधीच्या कामातल्या अनुभवाशी जोडून सांगा. कंपनीविषयी मार्ग, विमानांचे प्रकार, मुख्य बेस आणि अलीकडचे बदल इतकं माहीत असावं. मालकाचं चरित्र कोणी विचारत नाही. शेवटी तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतात. तेव्हा पगार आणि मोफत तिकिटं टाळा. ‘प्रशिक्षणात नवीन लोकांना कोणता भाग सगळ्यात जड जातो?’ हा प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर तुमच्या कामाचंही आहे.

कपडे थोडक्यात: गडद सूट किंवा साधा औपचारिक पोशाख, इस्त्री कडक, चेहऱ्यावरून मागे बांधलेले केस, पुरुषांनी कंपनीची अट बघून दाढी, स्वच्छ कापलेली नखं, एक घड्याळ, सौम्य वास किंवा वास नाहीच. सिगारेटचा वास कोटात राहतो. बूट नवे घालू नका. दिवस दहा तासांचा होऊ शकतो आणि लंगडत चालणं लपत नाही. जास्तीचे मोजे, सुई-दोरा, कागदपत्रांच्या दोन प्रती आणि पाणी पिशवीत असू द्या.

निवडीनंतर

मिळते ती सशर्त ऑफर असते. मेडिकलमध्ये सर्वसाधारणपणे दृष्टी, ऐकणं, रक्त-लघवी, हृदयाचा आलेख, पाठ आणि कान-नाक-घसा बघतात, अमली पदार्थांची चाचणीही होते. हवेचा दाब बदलताना कान उघडता येणं महत्त्वाचं असल्याने जुनाट सायनसचा त्रास असेल तर आधीच तज्ज्ञाला दाखवा. चष्मा असणं बहुतेक ठिकाणी चालतं, ठरावीक मर्यादेत दृष्टी सुधारता आली पाहिजे. नियमित औषध असेल तर लिहून द्या. मेडिकल आणि पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण होऊन रुजू होण्याची तारीख लेखी मिळेपर्यंत चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका.

प्रशिक्षण काही आठवड्यांचं असतं आणि त्यातही माणसं बाद होतात. दरवाजे चालवणं, धूर भरलेल्या केबिनमध्ये आग विझवणं, पाण्यात राफ्टवर चढणं, प्रथमोपचार, ओरडून द्यायच्या आज्ञा शब्दशः. लेखी परीक्षेत पास होण्याची रेषा कॉलेजच्या परीक्षेपेक्षा बरीच वर असते. प्रशिक्षणकाळात पगार मिळतो का, मध्येच सोडल्यास पैसे भरावे लागतात का, हे करारावर सही करण्याआधी वाचा.

नकार आला तर कारण सहसा सांगत नाहीत. पुन्हा अर्ज कधी करता येतो ते कंपनी सांगते, अनेक ठिकाणी हा काळ सहा महिने किंवा त्याहून जास्त असतो. कोणत्या टप्प्यावर बाद झालात त्यावरून अंदाज बांधा. अर्जातच गेलात तर सीव्ही किंवा पात्रता. गटकार्यात गेलात तर बोलण्याचं प्रमाण, जे मित्रांसमोर सराव करून आणि रेकॉर्ड करून सुधारता येतं. अंतिम मुलाखतीनंतर गेलात तर बहुधा प्रसंग कच्चे होते, आणि पुढचे सहा महिने लोकांशी थेट संबंध येणारं काम करणं हा महागड्या क्लासपेक्षा जास्त उपयोगी मार्ग आहे. एव्हिएशन क्लासच्या प्रमाणपत्राला बहुतेक कंपन्या फारशी किंमत देत नाहीत, कारण कायद्याने लागणारं प्रशिक्षण त्यांना नव्याने द्यावंच लागतं.

मुलाखतीची फी, ‘सीट पक्की’ करण्याचे पैसे, गणवेशाची अनामत किंवा मेडिकलचे पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात आगाऊ मागणारा माणूस भरती करत नसतो. ऑफरचा ईमेल कंपनीच्या अधिकृत डोमेनवरून आला आहे का ते अक्षर-अक्षर तपासा, आणि शंका आली तर त्या ईमेलमधल्या क्रमांकावर फोन न करता कंपनीच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून त्यावर करा.